नवे कपडे एकट्याने घालून बघताना फिटिंग कसं तपासायचं

मागच्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक मुलगी हिरवा कुर्ता घेऊन आली. नोकरीसाठी पुण्यात एकटी राहते, कुर्ता ऑनलाइन मागवलेला. “काकू, हात वर केला की हा सगळा वर चढतो. काखेत थोडा सैल करून द्या,” म्हणाली. मी घालून दाखवायला सांगितलं. समोरून कुर्ता सुरेख दिसत होता. हात वर करताच खालचा काठ चार बोटं वर गेला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप, पाहिला तर तो मुळातच खूप खोल. काख आणखी सैल केली असती तर कुर्ता आणखी चढला असता. परत पाठवणं हाच उपाय होता, पण टॅग पहिल्याच दिवशी कापलेला.

अल्टरचं काम करताना असे कपडे माझ्यासमोर सतत येतात. चूक कपडा निवडण्यात कमी आणि घालून बघण्यात जास्त असते. कपडा अंगात घालायचा, आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळायचं आणि ठरवून टाकायचं. बरोबर आई, बहीण किंवा मैत्रीण असेल तर ती मागून सांगते, “अगं, पाठीत ओढलाय.” एकटं असताना ते सांगायला कोणी नसतं. म्हणून क्रम पाळावा लागतो. खाली कुर्ता, शर्ट, पँट आणि तयार ब्लाउज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. एका कपड्याला पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, सवय झाली की दहा.

तयारी: पार्सल फोडण्याआधी

वेळ संध्याकाळची ठेवा, चहा-खाणं झाल्यानंतरची. सकाळी रिकाम्या पोटी बसलेली पँट संध्याकाळी कंबरेत रुतते, आणि कपडे आपण दिवसभर घालणार असतो.

आतले कपडे त्या कपड्याखाली रोज घालणार तेच घाला. छातीचं फिटिंग आतल्या कपड्यावर किती बदलतं, हे बहुतेकींना माहीत असूनही घरातल्या जुन्या, सैल पडलेल्या आतल्या कपड्यावरच नवा कुर्ता बघितला जातो. पँट असेल तर तिच्यावर घालायची चप्पल किंवा बूट बाहेर काढून ठेवा. तळ पुसून घ्या, म्हणजे घरात घालता येतील.

हाताशी हवं ते असं: शिवणाची टेप, पाच-सहा सेफ्टी पिना, फोन, पाठ टेकायची खुर्ची आणि एक बसका स्टूल किंवा घरातली पायरी.

आरसा फार मोठा लागत नाही. आपल्या उंचीच्या निम्मा आरसा असला तरी अख्खं अंग दिसतं. पाच फूट चार इंच उंचीला ३२ इंची आरसा पुरतो, फक्त त्याची वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मध्यावर यावी. आरसा योग्य उंचीवर नसेल तर मागे सरकूनही पाय दिसत नाहीत, हे करून बघा. भिंतीला तिरका टेकवलेला आरसा मात्र वापरू नका. त्यात अंगाचं प्रमाण बदलतं, पाय लांब नाहीतर आखूड दिसतात. उजेड शक्यतो खिडकीचा, बाजूने येणारा घ्या. समोरून ट्यूबलाइट असली की कापडावरच्या चुण्या पुसल्यासारख्या होतात.

सावधान: हातापायांना तेल, क्रीम, अंगावर डिओ, ओठांवर लिपस्टिक यांतलं काही नको. डोक्यातून घालायचा कपडा असेल तर चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकून मग घाला. टॅगला हात लावू नका.

१. आधी कपडा अंथरा, मग अंगात घाला

शिंप्याकडे आपण मापाचा ब्लाउज देतो. तसाच एक मापाचा कपडा आपल्यासाठी काढून ठेवा. तुमच्या कपाटातला सगळ्यात छान बसणारा कुर्ता किंवा शर्ट घ्या, पलंगावर हाताने सारखा करून अंथरा आणि नवा कपडा त्याच्यावर ठेवा. खांद्याला खांदा जुळवा. कुठे मोठा, कुठे लहान, ते घालण्याआधीच दिसतं. मापाचा कपडा शक्यतो त्याच कापडाच्या जातीचा घ्या. लायक्रा असलेल्या कपड्याशी साध्या सुती कपड्याची तुलना करून उपयोग नाही.

टेपने तीन मापं घ्या: एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत, काखेखाली छाती (अंथरलेली रुंदी दुप्पट करायची), आणि खांद्यापासून लांबी. कपड्यावरच्या ‘एम’ किंवा ‘४०’ वर भिस्त ठेवू नका, ते ब्रँडागणिक बदलतं. साइटवरच्या तक्त्यातही एक बारीक फसगत होते. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही कपड्याचं. ‘छाती ३८’ हे अंगाचं माप असेल तर तो कुर्ता ४० किंवा ४१ चा असू शकतो. कपड्याचं असेल तर ३८ छातीच्या बाईला तो घातल्यावर श्वास घेता येणार नाही.

आता कपडा उलटा करा आणि बाजूच्या शिवणी बघा. शिवणीच्या आत किती माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली आहे? पाऊण ते एक इंच असेल तर पुढे सैल करायला वाव आहे. ओव्हरलॉकला (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेल्या टिपेला) चिकटून पाव इंच असेल तर कपडा फक्त लहान होऊ शकतो, मोठा नाही. पँटची माया मागच्या बाजूला, कंबरेच्या मध्यशिवणीत बघायची.

तपासा: दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या की सारख्या भरतात का? बाजूच्या दोन्ही चिरा (खालचे उघडे काप) एकाच उंचीवर सुरू होतात का? यात फरक असेल तर पुढचं काही बघायचं कारण नाही, कपडा परत करा.

२. घाला, चाला, मग आरशाकडे जा

सगळी बटणं, हूक, चेन लावा. अर्धवट लावलेल्या कपड्याचं फिटिंग बघता येत नाही. मग खोलीत दहा-बारा पावलं चाला, दोनदा खांदे गोल फिरवा, हात खाली सोडा आणि श्वास पूर्ण सोडा. आता कपडा जिथे बसायचा तिथे बसला.

कपडा हाताने खाली ओढून सारखा करण्याची सवय सगळ्यांना असते. तो मोह आवरा. जो कपडा ओढल्याशिवाय नीट दिसत नाही, तो दिवसभर ओढत राहावा लागणार.

३. खांदा, गळा, मुंढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुर्ता असो, शर्ट असो की ब्लाउज, कपडा खांद्यावर लटकतो. खांदा चुकला की खालचं काहीही सुधारून भागत नाही.

खांद्याचं टोक शोधायला एक हात बाजूला, खांद्याच्या रेषेत उचला. खांदा संपतो तिथे बारीकशी खळी पडते. बोट तिथेच ठेवून हात खाली घ्या. बाहीची शिवण त्या बोटाच्या जागी यायला हवी. शिवण आत असेल तर पाठीत ओढ येते. अर्धा इंच बाहेर गेली तर खांदा उतरलेला दिसतो. मुद्दाम उतरत्या खांद्याचे कपडे शिवतात, त्यांना हा नियम लागत नाही.

गळ्यासाठी मान पुढे झुकवा. पुढचा गळा किती सुटतो ते आरशात दिसेल, कामाच्या ठिकाणी टेबलावर वाकल्यावर तेच समोरच्याला दिसतं. मग मान सरळ करून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. पुढचा गळा कंठाशी घासायला लागला आणि मागे जागा सुटली, तर गळा मागे पळतोय. असा कपडा तुम्ही दिवसभर पुढे ओढत बसाल, आणि हा दोष कटिंगचा असल्यामुळे अल्टर करून सहसा जात नाही. शर्टाच्या कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, मग ते बटण तुम्ही एरवी लावा किंवा लावू नका.

मुंढ्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. मुंढा खोल म्हणजे कपडा सैल आणि आरामाचा, असं वाटतं. प्रत्यक्षात मुंढा फार खाली असला की हात उचलताना बाही अख्ख्या कुर्त्याला बरोबर घेऊन वर जाते. मुंढा काखेच्या जवळ, पण न टोचता बसला की हात वर होतो आणि कुर्ता जागेवर राहतो. हात खाली सोडून काख आणि मुंढ्याची शिवण यांत आडवी दोन बोटं बसतात का बघा. बोटं जातच नसतील तर घामाच्या दिवसांत काचणार. अख्खी मूठ जात असेल तर त्या हिरव्या कुर्त्यासारखं होणार.

तपासा: लोकलची किंवा बसची कडी धरतात तसा हात वर करा. कुर्त्याचा काठ दोन बोटं वर जाणं साहजिक आहे. चार बोटं गेला तर तो कपडा ठेवू नका.

४. चुण्या काय सांगतात

कापडावर पडणाऱ्या रेषा वाचता आल्या की दुसऱ्या माणसाची गरज निम्मी संपते.

आडव्या, ताणलेल्या रेषा म्हणजे तिथे कपडा घट्ट आहे. रेषा ज्या जागेकडे धावते ती जागा घट्ट. छातीच्या बटणापासून दोन्ही काखांकडे रेषा जात असतील आणि दोन बटणांच्या मधे डोळ्यासारखी फट पडत असेल, तर छातीत कमी पडतंय. उभ्या, सैल घड्या म्हणजे रुंदी जास्त आहे. कपडा खाली झोळासारखा लोंबत असेल तर त्या भागात लांबी जास्त झाली आहे.

एक जागा सर्वांना फसवते. पाठीच्या खालच्या भागात, कंबरेच्या मागे कापडाचा आडवा गोळा जमतो. “कंबरेत सैल आहे, टक्स घालून द्या,” असं सांगत लोक येतात. बहुतेक वेळा कारण सीटमध्ये, म्हणजे नितंबांच्या भागात असतं. कुर्ता सीटवर घट्ट असतो, त्याला खाली उतरायला वाव मिळत नाही आणि उरलेलं कापड कंबरेवर साठतं.   खात्री करायची तर चिरा बघा. सरळ उभं असताना चिरेच्या दोन्ही कडा मिटून खाली पडायला हव्यात. तंबूसारख्या फाकल्या तर सीटमध्ये माप कमी आहे.

सैलपणा मोजायला छातीच्या दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरा. प्रत्येक बाजूला अर्धा इंच चिमटीत आलं तर एकूण दोन इंच सैल, एक इंच आलं तर चार. चिमटीतलं कापड दुहेरी असतं, त्यामुळे हिशेब असा होतो. साध्या सरळ सुती कुर्त्याला दोन ते चार इंच चांगले. चिमटीत काहीच येत नसेल आणि कापड ताणलं जाणारं नसेल, तर तो कपडा उभं राहण्यापुरताच आहे.

५. बसा, वाका, चढा

उभं राहून ठरवलेलं फिटिंग बसल्यावर खोटं ठरतं. खुर्चीवर पाच मिनिटं बसा, मोबाइल बघत बसा हवं तर, पण उठू नका. पोटावर कुठे रुततं, कुठे वर सरकतं, ते पाचव्या मिनिटाला कळतं, पहिल्याला नाही. मग जमिनीवर मांडी घाला. सणाला, पंगतीला, पूजेला घालायचा कपडा असेल तर ही चाचणी चुकवून चालणार नाही. मांडी घातल्यावर चीर कुठे सरकते, मागून पाठ उघडी पडते का, हे हात मागे नेऊन चाचपा.

दोन्ही हात पुढे करा, जसे स्कूटरचं हँडल धरतात. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे करकच ओढ आली तर पाठ अरुंद आहे. शेवटी स्टूलवर किंवा पायरीवर एक पाय ठेवून चढा. सरळ घेराचे लांब कुर्ते आणि अरुंद पँटी इथे नापास होतात.

सावधान: वाकताना शिवण ‘टर्र’ असा आवाज करू लागली तर तिथेच थांबा. उसवलेला कपडा परत घेतला जाणार नाही.

६. पाठ बघायची ती फोनने

मान वळवून आरशात पाठ बघू नका. मान वळली की खांदे वळतात, कापडाला पीळ बसतो आणि नसलेल्या चुण्या दिसतात.

फोन कंबरेच्या उंचीवर, टेबलावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर उभा करा आणि सात-आठ फूट लांब जा. खोली लहान असेल तर फोन दाराबाहेर ठेवा. मागचा कॅमेरा वापरा, सौंदर्य वाढवणारा फिल्टर बंद करा. फोन अगदी जवळ असेल तर जवळचा भाग फुगलेला दिसतो, उंचावर असेल तर पाय आखूड दिसतात. या दोन चुकांमुळे चांगले बसलेले कपडे परत जाताना मी पाहिले आहेत. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा: पाठ करून उभं राहा, पाच सेकंद थांबा, हळूहळू पूर्ण वळा, मग चार पावलं लांब जाऊन परत या.

व्हिडिओ लगेच बघू नका. कपडा उतरवा, रोजचे कपडे घाला, मग बघा. अंगावर नवा कपडा असताना मन त्याच्या बाजूने बोलतं. बघताना ध्वनी बंद ठेवा आणि तीनच जागा तपासा: पाठीचा वरचा भाग, कंबरेच्या मागचा गोळा, मागचा काठ पुढच्या काठाशी समांतर आहे का.

फिक्या रंगाचा कपडा असेल तर खिडकीकडे पाठ करून एक फोटो काढा. पायांची रेघ दिसली तर आत शमीज किंवा अस्तर लागणार, हे आत्ताच कळलेलं बरं.

७. पँट आणि जीन्स

पँटमध्ये कंबर सगळे बघतात, आसन, म्हणजे पुढच्या कंबरेपासून दोन पायांमधून मागच्या कंबरेपर्यंतचा भाग, कोणी बघत नाही. खरी अडचण आसनाची असते. आसन लहान असेल तर पुढे जांघेपासून दोन्ही बाजूंना तिरक्या रेषा उमटतात आणि बसल्यावर कंबरेचा बेल्ट मागून खाली ओढला जातो. आसन मोठं असेल तर मधे कापड लोंबतं आणि पाऊल आखूड पडतं. दोन्ही गोष्टी नंतर दुरुस्त करणं कठीण.

बेल्टमध्ये उभं असताना दोन बोटं जावीत, बसल्यावर एक. बाजूचे खिसे कानासारखे बाहेर फाकत असतील तर सीट घट्ट आहे, खिसे शिवून टाकून ते झाकू नका. लांबी नेहमी बूट-चपलेसकट बघायची. मागची कड टाचेवर घासत असेल तर पहिल्या पावसाळ्यात ती झिजते.

लायक्रा असलेली जीन्स घालून थोडं फिरल्यावर सैल पडते. ती सुरुवातीला अंगाला घट्ट बसली तरी हरकत नाही, मात्र चेन लावताना श्वास रोखावा लागता कामा नये.

८. तयार ब्लाउज

मागे हूक असलेला ब्लाउज तुम्हाला एकटीला घालता-काढता येतो का, ही पहिली चाचणी. नसेल येत, आणि तुम्ही एकट्याच राहत असाल, तर कितीही सुंदर असो, नको. परदेशात राहणाऱ्या मुलींना गावाहून शिवून आलेल्या ब्लाउजबद्दल ही अडचण हमखास येते. ऑर्डर देतानाच हूक पुढे किंवा बाजूला चेन सांगावी.

घातल्यावर खांद्यावर ओढणी टाकून पदरासारखी पिन लावा, कारण पिन लावताना हात जसा मागे जातो तसा एरवी कधीच जात नाही. त्यावेळी खालची पट्टी छातीवर चढता कामा नये. पट्टी सगळीकडून अंगाला सपाट टेकलेली हवी.

९. ठेवायचं की परत करायचं

आता निर्णय. बाजूने आत घेणं, लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, पँट कंबरेत आवळणं ही साधी कामं. मायेएवढं सैलही होतं. खांदा, मुंढा, पळणारा गळा, अरुंद पाठ आणि आसन यांतलं काही चुकलं असेल तर परत करा. “कापड इतकं छान आहे, करून घेईन काहीतरी,” हे वाक्य मी खूप ऐकलं आहे, आणि ते कपडे पुढे कपाटाच्या तळाशी गेलेलेही पाहिले आहेत.

सुती आणि रेयॉन कपडा पहिल्या धुण्यात आटू शकतो, तो हिशेब आत्ताच धरा. ४४ इंची कुर्ता तीन टक्के आटला तर लांबी सव्वा इंचाने कमी होते. म्हणून सुती कुर्त्याची किंवा पँटची लांबी कमी करायची असेल तर आधी एकदा धुवा, मगच अल्टरला द्या. त्यासाठी टॅग काढावा लागेल, तेव्हा हे सगळं ठेवायचं ठरल्यावरच.

परत पाठवायचा असेल तर टॅगसकट घडी घालून, टॅग दिसेल असा एक फोटो काढून पिशवी बंद करा. परतीची शेवटची तारीख फोनमध्ये लावून ठेवा, दोन दिवस आधीची.

अल्टरला देताना तोंडी सांगू नका, पिना लावून द्या. पिना लावताना कपडा उलटा नको, अंगावर सुलटाच हवा, कारण आपले दोन्ही खांदे सारखे नसतात आणि उलट्या कपड्यात डावं-उजवं बदलतं. आतलं जास्तीचं कापड कापू नका, आधी कच्ची टीप मारा, असं सांगा. कपडा घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी तिथेच घाला, एकदा हात वर करा आणि स्टूलवर बसून बघा. कच्ची टीप पाच मिनिटांत उसवता येते.